छाती रोज मारायची का? खताच्या बॅगाही हिशोबात धरा

पत्र: नमस्कार सर. मी जिंतूर तालुक्यातला. वय २४, वजन ६४ किलो. आमचं कृषी सेवा केंद्र आहे. जिम लावून दीड वर्ष झालं. सोमवार ते शनिवार जातो आणि छाती रोज मारतो, कारण छातीच भरत नाही. पाय आठवड्यातून एकदा. बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार वर ढकलणं) तीन महिन्यांपासून ६० किलोवर अडकलाय. आधी ६० चे ८ रेप (सलग ८ वेळा उचलणं) व्हायचे, आता ५ वर आलोय. उजव्या खांद्याला पुढच्या बाजूनं दुखतं, मेडिकलमधून गोळी घेऊन जातो. ट्रेनर म्हणतात ४८ तासांचा गॅप ठेव. मित्र म्हणतो, आपले पैलवान रोज जोर मारतात, त्यांना कुठं गॅप असतो? मोबाइलवर कुणी ७२ तास सांगतं. खरिपात दर मंगळवारी खताची गाडी येते, ती मी आणि एक हमाल मिळून उतरवतो. दुकान रात्री ८ ला बंद होतं, मग प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची तरतरीची पावडर) घेऊन दोन तास जिम. झोपायला १२ वाजतात, साडेपाचला उठतो. एका स्नायूला नेमके किती तास लागतात ते सांगा. वडील ५२ वर्षांचे आहेत, त्यांनाही यायचंय. चालेल का?

उत्तर:

तुम्हाला आकडा हवाय, तर आधी आकडा घ्या. छातीचे किंवा पाठीचे पाच-सहा सेट, म्हणजे रेपच्या फेऱ्या, जड वजनानं मारले, तर तोच स्नायू पुन्हा तेवढा जोर लावायला साधारण ४८ ते ७२ तासांत तयार होतो. मांड्या, मांडीची मागची बाजू आणि कंबर यांना ७२ तास धरा. जड डेडलिफ्टनंतर (जमिनीवरून बार उचलल्यानंतर) कधीकधी त्याहूनही जास्त लागतात. दंड, पोटऱ्या, खांद्याची बाजू हे बहुधा २४ ते ४८ तासांत सावरतात. म्हणजे ट्रेनरचे ४८ चूक नाहीत आणि मोबाइलवरचे ७२ सुद्धा चूक नाहीत. तुमचे २४ मात्र चूक आहेत, आणि त्यातही तुम्ही मंगळवारची गाडी धरलेलीच नाही. तिच्याकडे पुढे येऊ.

हे तास सगळ्यांना सारखे का नसतात, ते कळलं की आकडा पाठ करायची गरज उरत नाही. व्यायामानंतर शरीरात तीन-चार कामं वेगवेगळ्या वेगानं चालतात. दोन सेटच्या मधे जो दम परत येतो, तो स्नायूतला झटपट वापरायचा साठा भरण्याचा प्रकार आहे, त्याला ३ ते ५ मिनिटं पुरतात. पेशीत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, भरायला एक दिवस लागतो, तोही पोटभर भाकरी-भात खाल्ला तर. तंतूंची डागडुजी सगळ्यांत लांबते. व्यायामानंतर स्नायूत नवं प्रथिन बांधायचा वेग वाढतो, साधारण २४ तासांच्या सुमारास तो चढलेला असतो आणि ३६ ते ४८ तासांत पुन्हा खाली येतो. बांधकाम चालू असताना त्याच भिंतीवर रोज घण घातला तर भिंत उभी राहत नाही. स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा तर याहून सावकाश बदलतो, त्याला आठवडे आणि महिने लागतात. म्हणून छाती थकली नाही असं वाटत असतानाही खांद्याचा पुढचा भाग तक्रार करू शकतो. तुमचं तेच झालेलं दिसतं.

याच हिशोबात उलटी गोष्टही बसते. वेग दोन दिवसांत खाली येतो, म्हणून छाती आठवड्यातून एकदाच मारली तर उरलेले पाच दिवस ती नुसती बसून राहते. बहुतेकांना एका स्नायूसाठी आठवड्यातून दोन वेळा पुरतं. दोन वेळा मिळून १० ते १६ कस लागणारे सेट झाले की काम झालं. तुम्ही रोजचे सहा सेट लिहिले असते तरी आठवड्याचे ३६ होतात, आणि तुमच्या दोन तासांकडे पाहता ते जास्तच असणार.

आता अंग आंबण्याबद्दल. हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की लॅक्टिक ॲसिडमुळे अंग आंबतं, हे सहज पटतं. आंबट म्हणजे आम्ल, हिशोब जुळला! पण लॅक्टेट व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातून जवळपास निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरतात त्या तंतूंना पडलेल्या बारीक ताणामुळे आणि त्यानंतरच्या सुजेमुळे. ही दुखण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते. वजन खाली सोडताना स्नायू ताणला जात असतो, तेव्हाच्या ताणानं ती सर्वांत जास्त होते. बेंचवर बार छातीकडे आणताना, स्क्वॉटमध्ये खाली बसताना, किंवा उतरणीवरून चालताना.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, अंग दुखलं म्हणजे व्यायाम लागू पडला असं नाही. नवा व्यायाम केला की दुखतं, तोच चार वेळा केला की दुखत नाही, कारण स्नायू त्या ताणाला सरावतो. म्हणूनच पैलवानाला रोजचे जोर सोसतात. त्यानं ते लहानपणापासून केलेले असतात, वजन स्वतःच्याच अंगाचं असतं, आणि त्याचा दिवस खुराक, मालिश आणि झोप यांवर बांधलेला असतो. तुमचा दिवस काउंटरवर आणि गोदामात जातो, आणि ६० किलोचा बार काही जोर नव्हे. दुसरी, दुखणं थांबलं म्हणजे स्नायू तयार झाला असंही नाही. दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते. म्हणून दुखण्यावरून तास मोजू नका, ताकदीवरून मोजा.

ताकद मोजायला दुकानातली एक जुनी वही पुरते. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: तारीख, तो स्नायू शेवटचा मारून किती तास झाले, पहिल्या सेटचं वजन, आणि त्यात किती रेप झाले. पहिलाच सेट धरा, कारण पुढचे सेट आधीच्या थकव्यानं बिघडतात. मागच्या वेळेएवढे किंवा एखादा जास्त रेप झाला, तर गॅप बरोबर आहे. दोन किंवा जास्त रेप कमी पडले, तर पुढच्या वेळी २४ तास वाढवा. वाढवायला जागा नसेल तर दोन सेट कमी करा. एकाच दिवसावरून निकाल लावू नका, आदल्या रात्री लग्नाची वरात झाली असेल तरी रेप कमी पडतात. सलग तीन नोंदी पाहा. या मापानं तुमचं स्वतःचं उत्तर महिनाभरात निघेल, आणि ते कुणाच्याही ४८-७२ पेक्षा खरं असेल.

तुमचे ८ रेप ५ वर आले, हीच त्या वहीतली नोंद आहे. फक्त ती लिहिली गेली नव्हती.

आता गाडी. डीएपी किंवा १०:२६:२६ खताची एक बॅग ५० किलोची, युरियाची ४५ किलोची. १० टनांची गाडी आली तर २०० बॅगा. दोघांत वाटल्या तर तुमच्या वाट्याला १००, म्हणजे ५,००० किलो. बेंचवर ६० किलोचे ८ रेप, ५ सेट धरले तर २,४०० किलो होतात. दोन्ही कामं वेगळी आहेत, त्यामुळे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. पण कंबर, मांड्या, मान-खांद्याचा वरचा भाग, दंड आणि पकड यांच्यासाठी तो दिवस जिमच्या कुठल्याही दिवसापेक्षा जड आहे. त्याच संध्याकाळी पाठ मारणं म्हणजे पाठीला शून्य तासांचा गॅप देणं. मोंढ्यातले हमाल, ऊसतोडीचे गडी, फवारणीचा १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर वावरात फिरणारी पोरं, सगळ्यांना हाच नियम. कामाचं वजन शरीर वेगळ्या खात्यात मांडत नाही. बॅग नेहमी उजव्याच खांद्यावर टाकता का, तेही पाहा. टाकत असाल तर दर दहा बॅगांनी खांदा बदला. तुमच्या दुखऱ्या खांद्यामागे हे एक कारण असू शकतं.

आठवडा असा लावा. पहिला आठवडा हलका: बेंच ४० किलो, ८ रेपचे दोन सेट, बाकी सगळं निम्मं. याला कमीपणा मानू नका. साठलेला थकवा उतरायला तेवढे दिवस लागतातच, आणि आठवडाभरात ताकद कुठं जात नाही.

त्यानंतर सोमवारी छाती, खांदे, ट्रायसेप्स (दंडाची मागची बाजू) आणि वरची पाठ. छातीचे पाच-सहा सेट, शोल्डर प्रेस दोन, लॅट पुलडाउन (वरचा बार छातीकडे खाली ओढणं) तीन, ट्रायसेप्स दोन. ट्रायसेप्स बेंचमध्ये आधीच वापरला जातो, म्हणून त्याचे सेट कमी ठेवलेत. छातीच्या दुसऱ्या दिवशी वेगळा "ट्रायसेप्स डे" लावणारे त्याचा गॅप स्वतःच खातात. मंगळवारी गाडी, जिम नाही. बुधवारी पूर्ण सुट्टी, हवं तर २० मिनिटं चाला. गुरुवारी पाय: स्क्वॉट तीन सेट, लेग कर्ल तीन, पोटऱ्या तीन, शेवटी बायसेप्स दोन. गाडीला तोवर ४८ तास होतात. गुरुवारी कंबर अजून जड वाटली तर स्क्वॉटऐवजी लेग प्रेस घ्या. शुक्रवारी पुन्हा छाती, सोबत बाकावर छाती टेकवून डंबेल रोइंग, म्हणजे कंबरेवर भार येत नाही. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवार ते शुक्रवार छातीला ९६ तास मिळतात, शुक्रवार ते सोमवार ७२. पायांना एक काम गुरुवारी, दुसरं मंगळवारी गाडीवर. खताचा हंगाम संपला की मंगळवारी पायांचा दुसरा दिवस घाला, आणि रब्बीचा माल यायला लागला की तो पुन्हा काढून टाका.

सेट कुठं थांबवायचा, यावर तास सर्वांत जास्त अवलंबून असतात. अजून दोन रेप होतील असं वाटत असताना बार ठेवून दिला, तर बहुधा ४८ तासांत सावरता. बार छातीवर अडकेपर्यंत, मित्रानं उचलून दिलेले दोन रेप धरून मारलं, तर आणखी एक दिवस सहज जातो आणि वाढ त्या प्रमाणात होत नाही. म्हणून दोन रेप शिल्लक ठेवा. दुसऱ्या आठवड्यात ५० किलोनं सुरुवात करा, ८ रेपचे तीन सेट. ते दोन रेप शिल्लक ठेवून पूर्ण झाले की दोन्ही बाजूंना सव्वा किलोची एकेक प्लेट, म्हणजे अडीच किलो वाढवा. दोन सेटच्या मधे ३ मिनिटं घड्याळ लावून बसा. छातीचे उरलेले सेट डंबेल प्रेसचे. दर सहा-सात आठवड्यांनी एक आठवडा पुन्हा निम्म्या सेटचा घ्या.

बेंचचे वरचे आकडे खांदा बरा झाल्यावरचे. खांदा दुखतोय तोवर बार बाजूला ठेवा. दोन आठवडे जमिनीवर पाठ टेकून डंबेल प्रेस करा. कोपर जमिनीला टेकतात, म्हणून खांदा फार मागे ताणला जात नाही. कोपर अंगापासून काटकोनात न उघडता साधारण ४५ अंशांत ठेवा. दहापैकी तीनपेक्षा जास्त दुखलं तर वजन कमी करा. अंग आंबल्याचं दुखणं दोन्ही बाजूंना, पसरलेलं, बोथट असतं आणि अंग गरम झालं की सैल पडतं. एका बोटानं दाखवता येईल असं, एकाच बाजूचं, टोचणारं दुखणं वेगळं असतं, त्यावर व्यायाम करू नका. रात्री कुशीवर झोपता येत नसेल, हात वर जात नसेल किंवा तीन-चार आठवड्यांत फरक नसेल, तर परभणीला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि ती गोळी बंद करा. गोळीनं इजा भरत नाही, फक्त इशारा झाकला जातो आणि तुम्ही त्याच जागेवर पुन्हा वजन टाकता. तरुणांनी जास्त डोसची पेनकिलर आठवडेच्या आठवडे रोज घेतली तर स्नायूंची वाढ कमी होते, हेही तपासून झालंय. शिवाय उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन अशी गोळी घेणं मूत्रपिंडाला घातक आहे. बर्फाच्या पाण्यात बसणं, फोम रोलर, मालिश यांनी बरं वाटतं, तास फारसे कमी होत नाहीत. वजन मारल्यावर लगेच बर्फाच्या पाण्यात बसण्यानं तर वाढीत अडथळाच येतो.

सगळ्यांत मोठी गळती तुमच्या पत्राच्या शेवटी आहे: १२ ते साडेपाच, म्हणजे साडेपाच तास झोप. डागडुजीचं काम झोपेत चांगलं होतं आणि ७ ते ९ तास झोप लागते. तेवढी मिळत नसेल तर वरचे सगळे आकडे एकेक दिवसानं लांबले असं समजा. प्री-वर्कआउटमधलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास घेतं. रात्री साडेआठला घेतलेलं दोन वाजेपर्यंत निम्मं शिल्लक असतं. ते सोडा. व्यायाम तासाभरात उरका, वर लिहिलेले सेट ६० ते ७० मिनिटांत होतात. साडेदहाला आडवे व्हा. जमत असेल तर सकाळी सहाची वेळ धरा, जूनमध्ये हवाही जरा बरी असते.

खाण्यात तुमच्या वजनाला दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रथिनं पुरतात, किलोमागे १.६ ग्रॅम. डब्याच्या पावडरशिवाय ती घरातच निघतात. चार ज्वारीच्या भाकरी, म्हणजे २२० ग्रॅमच्या आसपास पीठ, त्यातून २२ ग्रॅम. ६० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून १३. मूठ-दीड मूठ, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२. ५० ग्रॅम कोरड्या सोयावडीच्या भाजीतून २६. अर्धा लिटर दुधातून १६. दोन अंड्यांतून १२. झाले १०१. अंडी घरात चालत नसतील तर ७० ग्रॅम पनीर घ्या. जिमवरून येऊन न जेवता झोपू नका. आणि पोट सपाट करायच्या नादात भाकरी तोडू नका, ग्लायकोजेन तिच्यातूनच भरतं.

पाण्याचं माप सोपं आहे. गाडी उतरवण्याआधी आणि नंतर दुकानातल्या काट्यावर उभे राहा. एक किलो कमी झालं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी परत गेलं पाहिजे. त्यातलं काही मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी असू द्या. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. खूप दिवसांनी एकदम जास्त व्यायाम केल्यावर, किंवा कडक उन्हात फार कष्ट झाल्यावर, लघवी चहा-कोलासारखी गडद झाली, स्नायू टणक सुजले, हात-पाय उचलवेनात, तर ते अंग आंबणं नव्हे. स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरलेले असतात आणि त्यानं मूत्रपिंड बंद पडू शकतं. घरी थांबू नका, गोळी घेऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वडिलांना जरूर न्या. त्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, छातीत दुखणं किंवा चालताना धाप लागणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पन्नाशीनंतर सावरायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस, मधे ७२ तास, समजा सोमवार आणि गुरुवार. पहिला महिना पाच व्यायाम, प्रत्येकाचे दोन सेट, १० ते १२ रेप: खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, हलक्या डंबेलचं रोइंग, लॅट पुलडाउन, टाचा उचलणं. श्वास रोखून वजन उचलू नका असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. त्यांच्या वहीत रेपसोबत एक जास्तीची नोंद ठेवा: सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीची मिनिटाची नाडी. ती नेहमीपेक्षा ५ ते १० ठोक्यांनी सलग दोन-तीन दिवस वाढलेली दिसली, तर तो आठवडा हलका घ्या. ही नोंद तुमच्याही वहीत असू द्या.